शेवटच्या स्थानकावर उतरणारे औषध

पोटात घेतलेली गोळी नेमकी कुठे जाते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. डोके दुखले, गोळी घेतली, अर्ध्या तासाने बरे वाटले. मधल्या वेळात काय घडले याच्याशी आपल्याला कर्तव्य नसते, आणि बहुतेक औषधांच्या बाबतीत ते चालूनही जाते. गोळी जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला विरघळते, औषध रक्तात शिरते आणि रक्त ते सगळीकडे पोहोचवते. पण दुखणे जर मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरालाच असेल आणि जखमेवर मलम लावावे तसे औषध थेट त्या अस्तराला लागायला हवे असेल, तर मात्र प्रश्न उभा राहतो. तोंडापासून तिथपर्यंतचा प्रवास सोपा नाही. आधी जठरातले जळजळीत आम्ल, मग सुमारे सहा मीटर लांबीचे लहान आतडे. त्याचे कामच मुळी समोर येईल ते शोषून घेण्याचे. कोल्हापूरला उतरायचे म्हणून बसवलेला प्रवासी साताऱ्यालाच उतरून जावा, तसे औषधाचे होते.

हा प्रवासी शेवटच्या स्थानकापर्यंत कसा न्यायचा, याचा इतिहास आज सांगायचा आहे. यात मोठी हुशारी आहे, चिकाटी आहे, आणि सुरुवातीलाच एक भलामोठा चुकीचा समजही आहे.

आधी आजाराविषयी थोडे. आतड्याच्या जुनाट दाहाचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याचे अस्तर सुजते, त्यावर व्रण पडतात, रुग्णाला दिवसातून दहा-दहा वेळा रक्ताचे जुलाब होतात. क्रोन्स डिसीज हा दुसरा प्रकार आतड्याच्या कुठल्याही भागाला आणि त्याच्या पूर्ण जाडीला होऊ शकतो. लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधील सॅम्युएल विल्क्स यांनी १८५९ मध्ये पहिल्या प्रकारचे वर्णन केले. दुसऱ्याला न्यूयॉर्कच्या बरील क्रोन यांचे नाव मिळाले ते १९३२ मधील लेखामुळे. दोन्ही आजार ऐन तरुणपणी गाठतात, काही काळ शांत बसतात आणि पुन्हा उसळतात. पूर्ण बरे करणारे औषध आजही नाही. उसळलेला आजार शांत करणे आणि शांत झालेला तसाच ठेवणे, एवढेच औषधाकडून मागायचे असते. एवढे मिळाले तरी माणूस नोकरी करू शकतो, प्रवास करू शकतो, लग्नकार्याला जाऊ शकतो. ज्याला घरातून निघताना वाटेत संडास कुठे कुठे आहे याचा आधी हिशेब करावा लागतो, त्यालाच याची किंमत कळेल.

आपल्याकडे हा गोऱ्या लोकांचा आजार असे बराच काळ मानले जात होते. रक्ताचे जुलाब म्हटले की आपल्याकडचे निदान ठरलेले असे: आंव. रुग्णाला अमीबावरचे औषध दिले जाई. आजाराचा स्वभावच चढउताराचा असल्याने मधून मधून बरेही वाटे, आणि त्यामुळे निदान आणखी पक्के होई. क्रोन्स डिसीज तर आतड्याच्या क्षयासारखा हुबेहूब दिसतो, म्हणून तिथे क्षयाची औषधे चालत. पंजाबमध्ये ५१ हजारांहून अधिक लोकांची घरोघर जाऊन केलेली पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा दर लाख लोकांमागे सुमारे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस असल्याचे दिसले. म्हणजे प्रश्न आपल्याही घरचा होता, आपण फक्त त्याला दुसऱ्या नावाने ओळखत होतो.

आता औषधाच्या प्रवासाकडे वळू. गोळीवर लेप देऊन ती जठरातून सुखरूप पुढे काढायची कल्पना जुनी आहे. हँबुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पॉल उन्ना यांनी १८८० च्या दशकात गोळ्यांवर केराटिनचा लेप दिला. केराटिन म्हणजे आपली नखे, केस आणि जनावरांची शिंगे ज्याची बनतात ते द्रव्य. पुढे लाखेचाही लेप वापरात आला. होय, आपल्या झारखंड-छत्तीसगडच्या जंगलातल्या किड्यांपासून मिळणारी, बांगड्यांची आणि मोहरांची लाख तीच. आम्लात ती विरघळत नाही, आम्लता कमी झाली की विरघळू लागते. पण या सगळ्या लेपांचा उद्देश मर्यादित होता. औषधाने जठराला त्रास देऊ नये आणि जठराने औषधाची नासाडी करू नये, इतकाच. मोठ्या आतड्यापर्यंत औषध न्यायचे हे कोणाच्या डोक्यातच नव्हते. ते काम पहिल्यांदा साधले ते स्टॉकहोममध्ये, आणि ज्यांना साधले त्यांनाही आपण काय साधले आहे याचा पत्ता नव्हता.

त्यांचे नाव नाना स्वार्ट्झ. हे नाव आपल्याकडे पुरुषाचे वाटेल, पण या बाई होत्या. जन्म १८९० चा. १९३७ मध्ये त्या कारोलिन्स्का संस्थेत वैद्यकशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. स्वीडनच्या सरकारी विद्यापीठात प्राध्यापकपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांचा जिव्हाळ्याचा विषय होता संधिवात, सांधे वाकडे करून टाकणारा आमवाताचा प्रकार. हा आजार जंतूंमुळे होतो अशी त्यांची खात्री होती. तो काळच जंतूंचा आणि सल्फा औषधांचा होता. जर्मनीतल्या गेऱ्हार्ड डोमाक यांनी १९३५ मध्ये प्रोंटोसिल हे लाल रंगाचे औषध जगापुढे आणले होते आणि जंतुसंसर्गाने मरणारी माणसे वाचू लागली होती.

स्वार्ट्झबाईंचा विचार सरळ होता. सांधेदुखीवर सॅलिसिलेट, म्हणजे ॲस्पिरिनच्या घराण्यातले औषध, चालते. जंतूंवर सल्फा चालते. मग दोन्ही एकाच रेणूत जोडले, तर दुखणेही थांबेल आणि मूळही जाईल. फार्मासिया या स्वीडिश कंपनीच्या रसायनतज्ज्ञांबरोबर त्यांनी वेगवेगळ्या जोड्या करून पाहिल्या. त्यातली एक जमली. एका बाजूला सल्फापिरिडीन हे सल्फा औषध, दुसऱ्या बाजूला ५-अमिनोसॅलिसिलिक आम्ल, आणि मध्ये नायट्रोजनच्या दोन अणूंची जोडणी. रसायनशास्त्रात या जोडणीला ॲझो बंध म्हणतात. रेल्वेच्या दोन डब्यांमधली कडी समजा. कापडाचे कित्येक रंग याच बंधावर उभे आहेत, म्हणून हे औषधही पिवळेधमक निघाले. त्याला नाव मिळाले सालाझोपायरिन. आज आपण त्याला सल्फासॅलॅझिन म्हणतो. १९४२ मध्ये स्वार्ट्झबाईंनी त्याविषयीचा पहिला लेख प्रसिद्ध केला.

संधिवाताच्या रुग्णांबरोबरच त्यांनी ते अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांनाही दिले होते. तिथे गुण आला. का आला याचे उत्तर त्यांच्याकडे होते. हे औषध शरीरातल्या संयोजी ऊतींमध्ये, म्हणजे सांध्यांना आणि आतड्याला आधार देणाऱ्या धाग्यांमध्ये, जाऊन बसते आणि तिथले जंतू मारते, असे त्यांचे मत होते. हे उत्तर बरोबर नव्हते. पण रुग्णाला उत्तराशी काय करायचे? जुलाब कमी झाले, रक्त थांबले.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये या औषधाची संधिवातावर परीक्षा झाली, आणि तिचा निकाल प्रतिकूल लागला. ज्या आजारासाठी औषध जन्मले त्या आजारातून ते जवळजवळ हद्दपार झाले आणि ज्याच्यासाठी ते बनवलेच नव्हते त्या आजारात टिकून राहिले. कोलायटिसच्या जोरदार झटक्यात कॉर्टिझोनने जीव वाचतात हे ऑक्सफर्डच्या सिडनी ट्रूलव्ह आणि लेस्ली विट्स यांनी १९५५ मध्ये दाखवून दिले. पण कॉर्टिझोन आयुष्यभर घेण्याचे औषध नव्हे. त्याने हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. झटका ओसरल्यावर पुढे काय, याचे उत्तर सल्फासॅलॅझिनने दिले. १९६५ मध्ये लंडनमधील डॉक्टरांच्या एका गटाने रीतसर तुलना करून सिद्ध केले की बरे वाटल्यावरही हे औषध चालू ठेवले तर आजार उलटण्याचे प्रमाण निर्जीव गोळी घेणाऱ्यांपेक्षा खूपच कमी राहते. म्हणजे औषध खरोखर काम करते, एवढे नक्की झाले. कसे करते, हे अजून कोणालाच माहीत नव्हते.

पहिला धागा हाती आला तो उंदरांकडून. अमेरिकेतल्या मार्क पेपरकॉर्न आणि पीटर गोल्डमन यांनी १९७२ मध्ये दोन प्रकारच्या उंदरांना सल्फासॅलॅझिन दिले. एक साधे उंदीर. दुसरे जन्मापासून पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेले, ज्यांच्या आतड्यात एकही जिवाणू नाही असे. साध्या उंदरांमध्ये औषधाची कडी तुटली आणि दोन्ही डबे वेगळे झाले. निर्जंतुक उंदरांमध्ये कडी शाबूत राहिली. म्हणजे औषध तोडण्याचे काम उंदीर करीत नव्हता, त्याच्या आतड्यातले जिवाणू करीत होते.

माणसातही असेच होते. या जिवाणूंची वस्ती कुठे असते ते पाहिले म्हणजे औषधाची करामत लक्षात येते. जठरात ते अगदी थोडे, लहान आतड्याच्या वरच्या भागातही तुरळक. पण मोठ्या आतड्यात शिरल्याबरोबर त्यांची अफाट गर्दी सुरू होते. तिथल्या एक ग्रॅम मळात दहा हजार कोटींच्या घरात जिवाणू असतात. जोडलेले दोन डबे लहान आतड्यात फारसे शोषले जात नाहीत, कारण तो रेणू अवजड आहे. ते तसेच पुढे सरकत मोठ्या आतड्यात येतात, आणि तिथे जिवाणू कडी तोडतात. औषध मोकळे होते ते नेमके हव्या त्या स्थानकावर. स्वार्ट्झबाईंनी दोन औषधांची जोडी म्हणून जे बनवले होते, ते खरे म्हणजे एक औषध आणि त्याचा वाहक होते.

पण दोघांतले औषध कोणते आणि वाहक कोणता? हा प्रश्न ऑक्सफर्डमध्ये सोडवला गेला आणि तो सोडवण्यात पुढाकार होता ढाक्याहून तिथे गेलेल्या ए. के. आझाद खान या तरुण डॉक्टरचा. त्यांनी, जे. पायरिस यांनी आणि ट्रूलव्ह यांनी केलेला प्रयोग मला वैद्यकाच्या इतिहासातल्या सर्वांत स्वच्छ प्रयोगांपैकी एक वाटतो. त्यांनी वाहतुकीचा प्रश्नच बाजूला काढला. तोंडावाटे औषध देऊन ते कुठे पोहोचते याचा काथ्याकूट करण्याऐवजी त्यांनी ते सरळ एनिमावाटे आतड्यात सोडले. रुग्णांच्या एका गटाला अख्खे सल्फासॅलॅझिन, दुसऱ्याला फक्त ५-अमिनोसॅलिसिलिक आम्ल, तिसऱ्याला फक्त सल्फापिरिडीन. कोणाला काय दिले हे रुग्णालाही माहीत नव्हते आणि तपासणाऱ्यालाही. मग अस्तराचा बारीकसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. अख्खे औषध आणि ५-अमिनोसॅलिसिलिक आम्ल मिळालेल्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांत सुधारणा दिसली. सल्फापिरिडीन मिळालेल्यांत ती जेमतेम ५ टक्के होती. १९७७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा निष्कर्ष छापून आला आणि पुढच्या काही वर्षांत नेदरलँड्स व जर्मनीतल्या डॉक्टरांनाही तसेच आढळले.

जंतू मारण्यासाठी जोडलेले सल्फा आतड्यात नुसते हमाल होते. गुण येत होता तो सॅलिसिलेटच्या घराण्यातल्या त्या छोट्या रेणूमुळे. गंमत पाहा, प्रोंटोसिलच्या बाबतीतही असेच घडले होते. त्यातही ॲझो बंध होता, तोही शरीरात तुटत होता, आणि काम करणारा भाग म्हणजे सल्फा असल्याचे पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील मंडळींनी १९३५ मध्येच दाखवले होते. तिथे सल्फा मालक होते, इथे हमाल. (आझाद खान पुढे ढाक्याला परतले. बांगलादेशच्या मधुमेह संघटनेचे प्रमुख म्हणून तिकडे त्यांना सगळे ओळखतात. आतड्याच्या आजारातले त्यांचे हे काम मात्र वैद्यकाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही.)

आता तुम्ही म्हणाल, हमाल तर हमाल, माल पोहोचला ना? पोहोचला, पण हा हमाल त्रासदायक होता. सल्फासॅलॅझिनच्या वजनात ५-अमिनोसॅलिसिलिक आम्ल सुमारे ४० टक्केच असते, उरलेले सगळे सल्फापिरिडीन. ते मोठ्या आतड्यातून रक्तात शिरते. मळमळ, डोकेदुखी, अंगावर पुरळ, क्वचित रक्तपेशी घटणे, हे बहुतेक दुष्परिणाम त्याचेच. पुरुषांमध्ये शुक्राणू घटतात; औषध थांबवले की काही महिन्यांत ते पूर्ववत होतात, पण मूल होत नाही म्हणून वर्षानुवर्षे दोष बायकोच्या माथी मारला जाणाऱ्या समाजात ही माहिती आधी सांगणे किती गरजेचे आहे, ते वेगळे सांगायला नको. कोणाला त्रास जास्त होतो याचाही उलगडा झाला. एडिंबरोत काम करणारे किरण दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये दाखवले की ज्यांचे यकृत सल्फापिरिडीनचा निचरा हळू करते त्यांना दुष्परिणाम अधिक होतात. हा जन्मजात गुण आहे. क्षयावरच्या आयसोनियाझिडचा निचरा करणारी यंत्रणा हीच. आणि भारतात असे ‘हळू’ लोक पुष्कळ आहेत.

तेव्हा १९७७ नंतर सगळ्यांनी ठरवले, हमालाला रजा द्यायची. नुसते ५-अमिनोसॅलिसिलिक आम्ल द्यायचे. त्याला आता मेसालॅझिन हे सुटसुटीत नाव मिळाले. पण नुसते दिले तर ते लहान आतड्याच्या सुरुवातीलाच शोषले जाते, मोठ्या आतड्यापर्यंत फारसे उरत नाही. म्हणजे वाहक तर हवाच. एव्हाना तो अपघाताने मिळालेला होता. आता जाणूनबुजून घडवायचा होता.

एक वाट अशी की कडी तीच ठेवायची आणि डबा बदलायचा. ओल्सालॅझिनमध्ये मेसालॅझिनचेच दोन रेणू एकमेकांना ॲझो बंधाने जोडले. हमाल नाहीच, मालालाच माल बांधला. कागदावर यापेक्षा सुंदर कल्पना नाही. पण काही रुग्णांना या औषधानेच जुलाब सुरू झाले, आणि जुलाबाच्या आजारात हे कसे चालावे? बाल्सालॅझाइडमध्ये सल्फाच्या जागी एक निरुपद्रवी वाहक जोडला; ते बऱ्यापैकी टिकले.

दुसरी वाट लेपाची. जर्मनीतल्या डार्मश्टाट गावच्या ऱ्योम कंपनीने १९५० च्या दशकात ॲक्रिलिकच्या जातीचे काही लेप तयार केले होते. ते किती आम्लतेला विरघळतात हे ठरवता येई. त्यातला एक लेप पीएच ७ च्या वर, म्हणजे शाळेच्या पुस्तकातला सामू सातच्या पुढे गेला की, विरघळतो. वेल्समधल्या कार्डिफ इथे जॉन ऱ्होड्स आणि सहकाऱ्यांनी हा लेप उचलला. तो खरेच मोठ्या आतड्यापर्यंत टिकतो का, हे पाहण्यासाठी त्यांनी कॅप्सूलमध्ये बेरियम भरले, त्यावर लेप दिला, माणसांना गिळायला लावले आणि क्ष-किरणांनी तिचा माग काढला. बेरियम क्ष-किरणांत पांढरेशुभ्र उठून दिसते, त्यामुळे कॅप्सूल कुठे फुटली हे पडद्यावर कळते. बहुतेक कॅप्सूल मोठ्या आतड्यात पोहोचून फुटल्या. मग त्यांनी मेसालॅझिनच्या गोळ्यांना हाच लेप दिला, आणि आजार शांत ठेवण्यात त्या सल्फासॅलॅझिनच्या बरोबरीने उतरल्याचे १९८२ मध्ये जाहीर केले. हीच पुढे ॲसाकॉल नावाने जगभर गेली.

तिसरी वाट डेन्मार्कमध्ये निघाली. तिथे औषधाचे बारीक कण करून त्यांना एथिलसेल्युलोजचे पातळ आवरण दिले. हे आवरण विरघळत नाही. त्यातून औषध झिरपत राहते, माठातून पाणी झिरपावे तसे. त्यामुळे ते लहान आतड्यातही थोडे मिळते आणि मोठ्यातही.

इथे एक घरगुती गोष्ट सांगून ठेवतो. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांना गोळी खलात कुटून मधातून देण्याची पद्धत आहे. लेपाची गोळी कुटली की सगळा डाव संपला. लेप फुटला, औषध साताऱ्यालाच उतरले. कधी कधी रुग्णाला शौचात गोळीचे रिकामे टरफल दिसते आणि ‘औषध अंगाला लागतच नाही’ असे वाटून तो ते बंद करतो. टरफल रिकामे असेल तर घाबरण्याचे कारण नाही, औषध आत राहिले आहे. गोळीच्या गोळी अख्खी बाहेर पडत असेल, तर मात्र डॉक्टरांना सांगावे.

आणि अख्खी गोळी बाहेर पडते, हे खरे आहे. त्याचे कारण कळायला १९८८ उजाडावे लागले. तोपर्यंत सर्वांचा समज असा, की जठरापासून जसजसे खाली जावे तसतशी आम्लता कमी होत जाते. नॉटिंगहॅममध्ये डी. एफ. इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी ६६ निरोगी माणसांना एक इवलीशी कॅप्सूल गिळायला दिली. ती रेडिओ लहरींवरून आतल्या आम्लतेची बातमी बाहेर पाठवीत असे. (आम्हा रेडिओवाल्यांना या प्रयोगाबद्दल विशेष प्रेम वाटावे हे साहजिक आहे.) बातमी अनपेक्षित होती. लहान आतड्याच्या सुरुवातीला पीएच ६.६, शेवटी ७.५, इथपर्यंत अपेक्षेप्रमाणे. पण मोठ्या आतड्यात शिरताच तो खाली घसरून ६.४ वर आला. तिथले जिवाणू अन्नातला न पचलेला चोथा आंबवतात आणि आम्ले तयार करतात, त्याचा हा परिणाम. दुसऱ्या टोकाकडे जाताना तो परत सातपर्यंत चढला.

याचा अर्थ असा की सातच्या वर उघडणारे कुलूप प्रत्यक्षात मोठ्या आतड्याच्या दारातच, लहान आतड्याच्या अखेरीस, उघडायला सुरुवात होते. तिथे गोळी पुरेसा वेळ रेंगाळली नाही, तर पुढे ते उघडेलच असे नाही. निरोगी माणसाची ही गत. डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी १९९३ मध्ये आजार भडकलेल्या मोजक्या रुग्णांत मोजणी केली, तेव्हा त्यांतल्या काहींच्या मोठ्या आतड्यात पीएच तीनच्याही खाली गेलेला सापडला. म्हणजे औषधाची गरज जेव्हा सर्वांत जास्त, तेव्हाच कुलूप न उघडण्याची भीती. या कारणाने अनेक कंपन्यांना एकाच किल्लीवर विसंबणे सोडावे लागले. २००७ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेल्या एका इटालियन बनावटीच्या गोळीत बाहेर लेप आणि आत औषध हळूहळू सोडणारा गाभा, अशी दुहेरी योजना आहे. त्यामुळे ती दिवसातून एकदाच घ्यावी लागते. लंडनमध्ये अब्दुल बासित आणि सहकाऱ्यांनी तर लेपात स्टार्च मिसळला. आम्लतेने लेप उघडला नाही तरी जिवाणू स्टार्च खाऊन त्याला भोके पाडतात. १९४२ च्या गोळीत कडी तोडण्याचे काम ज्यांच्याकडे होते, त्यांच्याकडेच फिरून जावे लागले.

वाहक निर्दोष असतो असेही नाही. ॲसाकॉलच्या लेपात लवचीकपणासाठी थॅलेट वर्गातले एक द्रव्य असे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याचे अपाय दिसल्याने गर्भवतींच्या बाबतीत काळजी निर्माण झाली, आणि २०१३ मध्ये अमेरिकेत त्या द्रव्याविना नवी कॅप्सूल आणावी लागली.

गेल्या पंचवीस वर्षांत या क्षेत्राची भाषाच बदलली आहे. आता सगळीकडे नॅनो कण. जर्मनीतल्या ॲल्फ लाम्प्रेख्ट यांनी २००१ मध्ये दाखवले, की उंदरांच्या सुजलेल्या आतड्याला अतिसूक्ष्म कण मोठ्या कणांपेक्षा जास्त चिकटतात. सूज असेल तिथेच औषध नेण्याची ही आशा होती. तेव्हापासून यावर शोधनिबंधांचा पाऊस पडला, आपल्याकडच्या औषधनिर्माण महाविद्यालयांतूनही पडला. पण २०१३ मध्ये जेव्हा प्रथमच रुग्णांच्या आतड्यात हे पाहिले गेले, तेव्हा नॅनो कण नाममात्रच सापडले. व्रणांवर साचले होते ते त्यांच्यापेक्षा मोठे कण. उंदराचे आतडे माणसाच्या आतड्याची छोटी प्रत नाही. मला या संशोधनाची निंदा करायची नाही. पण प्रयोगशाळेत सुरेख वागणारा वाहक आणि ज्याला दिवसाला दहा जुलाब होतात अशा माणसाच्या आतड्यात टिकणारा वाहक, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग इतक्या खटपटीनंतर रुग्णाच्या पदरात काय पडले? कोक्रेन या संस्थेने जगभरच्या चाचण्या एकत्र करून याचा हिशेब मांडला आहे. आजाराचा झटका शांत करण्यात नव्या गोळ्या सल्फासॅलॅझिनच्या तोडीच्या ठरल्या, सरस नाही. शांत झालेला आजार तसाच राखण्यात तर जुने औषध किंचित पुढेच निघाले. नव्या गोळ्यांचा खरा लाभ म्हणजे त्या सोसतात. सल्फा ज्यांना चालत नाही, ज्यांना मूल हवे आहे, त्यांच्यासाठी हा लाभ मोठाच आहे, आणि त्या माणसांसाठी कार्डिफची ती बेरियमची खटपट सार्थकी लागली. पण ज्याला जुने औषध निमूट सोसते, आणि ज्याला ते महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे स्वतःच्या खिशातून घ्यायचे आहे, त्याच्यासमोर स्वस्त आणि महाग असे दोन पर्याय नीट ठेवले जातात का, हा प्रश्न उरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत सल्फासॅलॅझिन अजूनही आहे.

राहता राहिला संधिवात. तिथून हद्दपार झालेले हे औषध १९७० च्या दशकाच्या अखेरीस बर्मिंगहॅमच्या ब्रायन मॅक्‌कॉन्की यांनी परत आजमावले, आणि या वेळी ते उपयोगी ठरले. आज संधिवाताचे डॉक्टर ते सर्रास लिहून देतात. स्वार्ट्झबाई तेव्हा नव्वदीच्या घरात होत्या. आझाद खान यांच्या धर्तीवर तिथेही पुढचा प्रश्न विचारला गेला: सांध्यांवर गुण येतो तो कोणत्या डब्यामुळे? ग्लासगोच्या डॉक्टरांनी काही रुग्णांना नुसते सल्फापिरिडीन आणि काहींना नुसते ५-अमिनोसॅलिसिलिक आम्ल देऊन पाहिले. त्यांचा निष्कर्ष १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला, स्वार्ट्झबाईंच्या निधनाच्या आदल्या वर्षी. सांध्यांना गुण येत होता तो सल्फापिरिडीनमुळे, म्हणजे आतड्याच्या डॉक्टरांनी ज्याला हमाल म्हणून रजा दिली होती, त्याच्यामुळे.